टेकू

त्रिएस्तमध्ये बोरा वारा सुटला की
चढाच्या गल्ल्यांतून दोर बांधतात,
म्हाताऱ्यांना धरायला.
आम्ही गुरुवारी तरीही निघतोच,
सातजण, कॉफीच्या बंद गोदामामागच्या खोलीत,
जिथे अजून गोणपाटाचा वास येतो.

टेबलावर युरोप पसरलेला,
पहिल्या महायुद्धाच्या आधीचा, घड्यांवर चिकटपट्टी.
तुर्कांचं एक आरमार केव्हाच हरवलं,
त्या जागी ओन्दिनाच्या कोटाचं बटण.
फासे नाहीत, पत्ते नाहीत,
नशिबावर ढकलायला काहीच नाही.
पंधरा मिनिटं बोला, कुणाशीही, काहीही.
मग चिठ्ठी लिहून डब्यात टाका.
ती मोठ्यानं वाचली जाईपर्यंत
सगळेच सज्जन.

हल्ला एकट्यानं होत नाही या खेळात.
शेजारच्या ठोकळ्यानं टेकू द्यावा लागतो,
आणि तो टेकूही चिठ्ठीत लिहावा लागतो,
नुसत्या मनात असून चालत नाही.

बोलायच्या जागा ठरलेल्या.
खोट्यासाठी जिना.
अर्ध्या खोट्यासाठी संडासाचा बोळ.
आणि ज्याच्याशी खरंच वाटून घ्यायचंय
त्याच्याशी कोट टांगायच्या खुंट्यांपाशी,
ओल्या लोकरीत तोंड खुपसून.

झ्देंकाला हा नकाशा आवडत नाही.
तिच्या बापाच्या गोठ्यातून एका रात्रीत सरहद्द गेली,
गाय इकडे, वैरण तिकडे.
ती रशिया घेते, लांबचा,
कुणाच्याच शब्दावर विसंबत नाही,
म्हणून नेहमी तिसरी येते.

मी इटली. स्तेलिओ ऑस्ट्रिया.
एकोणीस वर्षं.
नकाशावर आमचं गाव त्याच्याकडे असतं,
बोटाच्या पेराएवढा लाल ठोकळा,
आणि खिडकीबाहेर तेच गाव, शीळ घालणारं.
वसंतात आमचा गळ्यात गळा,
शरदात केसानं गळा.
मी दगा दिला की तो एवढंच म्हणायचा,
‘अक्षर सुधारलंय तुझं.’

या गुरुवारी आला तो वजन उतरून.
कोट खुंटीला अडकवला, तर
त्याच्यापेक्षा कोटच भरलेला दिसला.
‘नेविया, या वेळी खरंच,’ म्हणाला.
‘तू पश्चिमेला जा, मार्सेय घे.
मी तुझ्या पाठीला पाठ लावतो.’
मी त्याच्या बाहीवर हात ठेवून शब्द दिला.
बाहीत हात कुठे आहे ते चाचपावं लागलं.

मग टेबलाशी बसून लिहिलं:
व्हेनिसचं सैन्य त्रिएस्तवर.
एड्रियाटिकमधल्या आरमाराचा टेकू.
पेन्सिल जरासुद्धा अडखळली नाही.
हे लपवून काय करू?

डबा उघडला.
तुल्लिओनं वाचलं, त्याच्या बंदरावरच्या आवाजात,
जशी सुटणारी जहाजं सांगायचा.
माझी चिठ्ठी वाचल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.
मग स्तेलिओची:
त्रिएस्तचं सैन्य बुडापेस्टला. जागा मोकळी.
एवढंच.

दार फोडायला दोन खांदे लावले होते मी,
आणि कडी आतून काढलेलीच.

ओन्दिना हसली, म्हणाली, म्हातारा चळला.
फुल्व्हिओनं माझा ठोकळा उचलून
गावावर ठेवला, मला हात लावावासा वाटेना.

खुंट्यांपाशी विचारलं, ‘तुला माहीत होतं?’
तो कोटाची दुसरी बाही शोधत होता.
‘कुणाला तरी द्यायचंच होतं,’ म्हणाला.
‘अनोळखी माणसाला कशाला?’

बाहेर दोर नव्हता. या वर्षी नगरपालिका विसरली,
किंवा आता कुणी म्हातारं उरलं नाही असं त्यांना वाटलं.
मी त्याचं कोपर धरलं.
वारा डावीकडून आला की तो माझ्यावर,
उजवीकडून आला की मी त्याच्यावर,
असे बसच्या थांब्यापर्यंत,
दोन वेड्यावाकड्या चिठ्ठ्यांसारखे.

बस दिसल्यावर तो थांबला,
श्वास गोळा केला आणि म्हणाला,
‘पुढच्या गुरुवारी मला तुर्कस्तान हवंय.
बटणासकट.’