मागच्या फळीवरून

परल्हाद सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला
म्हणून यंदा टांग्याच्या मागच्या फळीवर मी.
उखाकाकांनी मला जिनिंगच्या काट्यावर उभं केलं.
सत्तेचाळीस किलो. त्यांनी तोंड वाकडं केलं,
मग माझ्या पायाशी मक्याचं अर्धं पोतं बांधलं.
"तू वजन शे," म्हणाले. "वजन बोलत नही."

मार्गशीर्षात कोण पावसाचा हिशेब धरतं?
झाडांवरचा उरलेला कापूस काळवंडला,
आणि यात्रेच्या मैदानावर कमिटीनं आखलेली
चुन्याची वाट रातोरात तापीकडे निघून गेली.
राहिली फक्त मडकी. पालथी,
चौदा जोड्या, प्रत्येकावर एक लिंबू.
लिंबू पडलं की पाच सेकंद दंड.
चाकाला दोन्हीकडून वीतभर जागा, कोरड्यात.
ओल्यात किती, ते कुणी सांगत नाही.

आमच्या आधी दोंडाईचाचा गडी,
काळा घोडा, पितळी घुंगरं,
फेट्यावर प्लास्टिकची पिशवी.
चौखूर सुटला तो चौथ्या वळणाला
टांगाच घोड्याच्या पुढे जायला बघत होता.
शिट्ट्या. तीन मडकी फुटली.
लिंबं डबक्यात तरंगत राहिली,
एक पोरगं ती वेचून शर्टात भरत होतं.

कापशी निघाली ती चालत.
लोकांना वाटलं घोडी लंगडतेय.

आमची काळी माती नुसता चिखल होत नाही,
ती धरते.
धावेला धरते, आऱ्यांत शिरते,
दर फेऱ्याला चाक जाड होत जातं.
काका लगाम बोटांत धरतात, मुठीत कधीच नाही,
आणि आज चामडं साबणासारखं.
डावं वळण, मी डावीकडे.
उजवं, मी उजवीकडे, आणि माझ्यासोबत मका.

सातव्या जोडीला टांगा आडवा घसरला.
मी अंग बाहेर टाकलं, इतकं
की वेणी चिखलात भिजली,
आणि तिथून, खालून, दिसलं:
डावा लगाम काकांच्या हातात नव्हता.
दांडीवरून लोंबत होता.
काका मान न वळवता बसलेले,
बोटं तशीच, मधे काही असल्यासारखी.

मी वजन होते. बोलले नाही.

कापशीनं एक कान मागे केला.
अंधारात उंबरा चाचपावा तसा
पुढचा पाय चाचपला, मग टेकवला.
सकाळी काकांनी तिला हातानं धरून
ही वाट दोनदा चालवली होती.
चहावाले हसले होते.
आठवी. नववी. दहावी.
घोडी आठवून आठवून चालत होती.
अकरावीला काका वाकले, लगाम उचलला,
घाम पुसावा तसा सदऱ्याला पुसला.

सात टांग्यांत तिसरा नंबर.
एकही लिंबू पडलं नाही, असं लाऊडस्पीकर म्हणाला.
बक्षीस, स्टीलची बादली,
वर कापडदुकानाचं नाव लाल रंगात.
आमच्यामागे तीन सेकंदांनी चोपड्याचा भिलाजी.

रात्री काठीनं आऱ्यांतला चिखल खरवडत होते.
ढेकूळ पडलं, फुटलं,
आत लिंबू.
अख्खं. सालीला ओरखडासुद्धा नाही.
पंचाचा चष्मा पावसानं भरला असेल,
किंवा त्या पोरानं शर्टातलं एक
रिकाम्या मडक्यावर नेऊन ठेवलं असेल.

काकांच्या हातावर ठेवलं.
मोबाईलच्या उजेडात त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.
मग बादली उचलली.
मला वाटलं, निघाले आत्ताच, या चिखलातून.
ते हौदावर गेले, भरून आणली,
घोडीपुढे ठेवली.

"सकाये वापस करसूत," म्हणाले.
"पहिले तिले पी लेऊ दे."

कापशीनं तोंड घातलं.
सकाळपर्यंत पांढरी होती ती.
आता फक्त डोळ्यांभोवती.