नवं शीड, पानशेत

कोथरूडपासून पानशेतपर्यंत
ते कारच्या टपावर गुंडाळून होतं, कार्यालयातल्या सतरंजीसारखं.
काठावर उलगडलं तर सतरंजी कसली,
एक्स-रेच्या फिल्मसारखं करकरलं.
गेनबा खाटपे म्हशी सोडून बघायला आला,
टोकावर टिचकी मारून म्हणाला,
"याला शिवण कुठंय?"

शिवण नव्हतीच फारशी. बरंचसं चिकटवलेलं.
जुन्याला होत्या, सात,
रविवार पेठेत टेम्पोचे हूड शिवणाऱ्या यासीनभाईंनी
निळ्या जाड दोऱ्यानं घातलेल्या,
आणि प्रत्येक वेळी विचारलेलं,
"बाई, हे नेमकं कशावर घालता?"

खालची दोरी ओढली.
पाय डोलकाठीच्या बुडाशी, पाठ मागे,
अजून ओढा, अजून, कागदावर लिहिलं होतं, अजून.
माथ्याकडचा काठ लुळा पडला.
वाटलं, बिघडवलं मी, गेले पैसे.
पण ते तसंच असतं म्हणे: माथा सैल, पोट गच्च.
(आमच्या घरी याच्या उलट.)

अडीचला वारा आला,
दरीच्या तोंडातून, करवंदीच्या उतारावरून,
पाण्यावर काळे ओरखडे काढत.
बोर्डवर उभी राहिले आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर
काही ऐकू येत नव्हतं.

जुनं बोलायचं.
झोत यायच्या आधी त्याचा काठ फडफडायचा,
शिटीआधी कुकर कुरकुरतो तसा.
अकरा वर्षं मी वारा कानांनी धरला.
हे गप्प.
मुठीत फक्त ओढ, एकसारखी,
न रागावता कुणी दंडाला धरून
कर्वे रस्ता ओलांडून न्यावं तशी.
झोत कधी आला कळलंच नाही,
नुसतं पायाखालचं पाणी
कमी झालं.

वळताना फसले.
आतल्या पट्ट्या एका झटक्यात पलीकडे जायला हव्यात,
खट्, खट्, खट्,
आणि चौथी?
चौथीची वाट बघत राहिले ती पाण्यात.
धरणाचं मे महिन्यातलं पाणी:
वर कोमट, गुडघ्याखाली डिसेंबर.

चिरंतनला म्हटलं, चल, अदलाबदल.
सतरा वर्षांचा. मीच शिकवलेला.
मघाशी जुन्या शिडावर
माझ्या मागे चार बोर्ड राहिलेला.
तेलाचा पिवळा कॅन आमचा आरंभ, पलीकडचा आंबा आमचा शेवट.

तो गेला.
काय सांगू, गेला.
आंब्यापाशी पोचून हात वर करून उभा होता
तेव्हा मी मधोमध,
सात शिवणींसोबत,
ओळखीची फडफड ऐकत, हिशोब करत:
मघाचे चार बोर्ड शिडाचे, मान्य.
हे वरचे वीस-पंचवीस कुणाचे,
हे विचारायला पाण्यावर दुसरं कुणी नव्हतं,
आणि शीड, जुनं, नेमकं तेव्हाच
गप्प बसलं.

काठावर वही काढली. क्लबला कळवायचं होतं.
हलकं, लिहिलं. शांत. मंद वाऱ्यात जरा आळशी.
वळणावर चौथी पट्टी अडते.
मग केसांतलं पाणी टपकलं आणि 'अडते'ची शाई पसरली,
तशीच ठेवली.

गेनबा म्हशी वळवायला निघाला.
जाताना जुन्याच्या निळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,
"ह्ये टिकंल."
चिरंतन नवं गुंडाळत होता, जपून, तान्ह्यासारखं.
मी वाकून पाहिलं तर खिडकीच्या मधोमध
एक चीर, नखाएवढी,
त्याची की माझी, कोण जाणे.
दोघांनीही काही म्हटलं नाही.

खानापूर येईपर्यंत मी आठवत होते,
रविवार पेठ सोमवारी उघडी असते ना?