तीन ते पाच

डंडीत साडेचारलाच अंधार.
टे नदीवरचा पूल निम्माच दिसतोय.
मी पल्ल्यांची वजाबाकी लिहितेय:
तीन ते पाच, उणे तीन ते पाच.

शून्य, म्हणाली मोराग, कोट चढवता चढवता.
नाही गं. उणे दोन ते दोन.
दोन्हीकडची संख्या एकच आहे
हे क्लासला कुठं ठाऊक?

बेरीज केली तरी रुंदी वाढते,
वजा केलं तरी वाढतेच.
भागाकाराचं उद्या बघू; पल्ल्यात शून्य आलं
की तो दुभंगतो.

घरमालकीण विचारते, अजून किती वर्षं?
तीन ते पाच, मी म्हणते.
गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं.

टेस्ट लाल.
अपेक्षित: शून्य.
ते खोडून उणे दोन ते दोन लिहिते
आणि माझा कोट शोधते.