नऊ डॉलर नव्व्याण्णव

हायवेलगतच्या त्या अजस्र दुकानात
टायर आणि कुत्र्यांच्या खाण्याच्या मधोमध
त्यांनी फोटोची खोली थाटली, तेव्हा
मी हसले होते.
एक मोठा, दोन मध्यम, पाकिटात मावणारे सोळा,
सगळे मिळून नऊ डॉलर नव्व्याण्णव.
तेवढ्यात माझा
नुसता कागद आला असता.

नोव्हेंबर लागेपर्यंत हसू विरलं.
मिनेसोटातलं हे लोखंडाच्या खाणीचं गाव,
इथे पगार कपाटावरच्या डब्यात मोजून ठेवतात,
आणि सोळा फोटो म्हणजे
सोळा नातेवाइकांची नाताळची भेट मिटली.
त्यांना नावं कशी ठेवू?

मग मीही भाव उतरवला.
बारा डॉलर. मग साडेदहा.
एका शनिवारी एकवीस कुटुंबं उरकली
(उरकली, हाच शब्द)
आणि रात्री निगेटिव्ह धुताना
एकाही पोराचं नाव आठवेना.
दारावरची पाटी अजून बाबांच्या हातची:
वायनो काल्लियो आणि कन्या.
त्या रात्री कन्या
मान खाली घालून पाटीखालून गेली.

सोमवारी दर तिप्पट केला.
आइलाने, बहिणीने, फोनवर विचारलं,
डोकं फिरलंय का तुझं?
फिरलं नव्हतं. एवढंच उमगलं होतं की
त्यांच्याशी स्वस्ताईत झुंजणं म्हणजे
बर्फाशी पांढरेपणाची पैज लावणं.

तेव्हापासून पडदा गुंडाळून ठेवलाय.
त्यांच्या पडद्यावर बारा महिने पानगळ,
आणि पान एकही गळत नाही.
मी लोकांच्या घरी जाते.
बूट दारात काढते.
कॉफी घेते, आग्रहाची दुसरीही घेते,
आणि कॅमेरा पिशवीत असतानाच पाहून ठेवते
कोणाच्या खुर्चीत कोणी बसत नाही ते.
म्हाताऱ्या झालारची तीन बोटं खाणीत राहिली.
तिकडे त्याला म्हणाले होते, हात खिशात घाला.
मी म्हटलं, कपाशेजारी ठेवा, रोज ठेवता तसा.
बायकोने तो फोटो पाहिला
आणि कितीतरी वेळ
चष्माच पुसत राहिली.

महिन्याला पाच-सहाच कामं. कधी तीन.
गाडीचा हप्ता दोनदा चुकला.
हे सांगायला हवं,
नाहीतर तुम्हाला वाटेल मी जिंकले.

मार्चमध्ये एक मुलगी आली,
निळा एप्रन कोटाखाली तसाच.
डार्ला. त्याच खोलीत कामाला.
दिवसाला चाळीस बाळांच्या नाकाला
पिवळं पीस लावते.
म्हणाली, आईचा काढाल?
तिचे केस गेलेत औषधांनी.
तिला हसायला नको लावू.
आमच्याकडे न हसलेला फोटो
मॅनेजर परत पाठवतो.
मग एप्रनच्या खिशात हात घालून,
जणू तिथेच घड्याळ असावं:
किती मिनिटं मिळतील?
मी म्हटलं, आज बुधवार.
शुक्रवारी वादळ येणार म्हणतात.
तोवर आहेच मी.

आई खिडकीशी बसली.
टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.
उन्हाचा एक पट्टा फरशीवरून सरकत
तिच्या मोज्यांपर्यंत आला, गुडघ्यांवर चढला.
चेहऱ्यापर्यंत यायला त्याला पाऊण तास लागला.
आम्ही तिघी त्याची वाट पाहत
मटारच्या शेंगांबद्दल बोललो.
टोपी तेव्हा मांडीवर होती.

पैसे ती हप्त्याने देते. दर पंधरवड्याला वीस,
नाणी असली तर बरणीसकट.

परवा त्या दुकानात गेले.
खोलीबाहेर रांग होती,
आत एक बाळ आकांत करत होतं.
डार्लाने पीस उचललं,
काचेतून माझ्याकडे पाहिलं,
आणि ठेवून दिलं.
रडू दिलं बाळाला. पुरेसं रडू दिलं.
मग कधीतरी, उचकी आणि हुंदक्याच्या मध्ये,
बटण दाबलं.
रांगेतलं कोणीतरी करवादलं.

मी टायर घेतले. चारही.
तिथे स्वस्त पडतात.