दिव्यांचं काम

हेलेना, मोंटाना. फेब्रुवारी.
खोलीत रेडिएटरची कुरकुर,
आणि माझं काम दिव्यांचं:
साक्षीदार बोलू लागला की हिरवा,
अर्धं मिनिट उरलं की पिवळा,
तीन मिनिटं भरली की लाल.
अकरा वर्षं या समितीत बटणं दाबतोय.
कुरणांचे तंटे, दारूचे परवाने, लांडग्यांची शिकार,
सगळे माझ्या दिव्यांकडे बघत बोलतात
आणि लाल लागला की वाक्य तिथेच मोडतात.

आजचं विधेयक दीड पानाचं.
आई किंवा बाप अपंग आहे
एवढ्याच कारणावरून मूल काढून घेता येणार नाही.
घ्यायचंच तर इजा दाखवा, पुरावा द्या,
आणि आधी कोणती मदत देऊन पाहिली
ते लिहा.

खात्याचे वकील हॅल्वर्सन आधी बोलले.
वाईट माणूस नाही. थकलेला.
म्हणाले, आम्ही उशिरा पोचलो अशीही घरं आहेत,
त्या मुलांची नावं मला पाठ आहेत.
म्हणाले, तान्हं लेकरू म्हणजे
डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.
मग खोलीत कोण आहे ते आठवलं असावं.
पिवळ्यावरच थांबले.

रोवेना स्कार ग्लेनडाइव्हहून आली होती,
शेजारणीच्या गाडीतून, बर्फातून सात तास.
पांढरी काठी घडी करून टेबलावर ठेवली.
मी हिरवा लावला.
सवयीने.

“दुसऱ्या दिवशी नर्सने विचारलं,
बाळाचे ओठ निळे पडले तर तुला कसं कळेल?
म्हटलं, निळं पडायच्या आधी श्वास बदलतो, तो ऐकू येतो.
हे तिने लिहिलं नाही.
संध्याकाळी दोघीजणी आल्या. एकीच्या कोटाला मांजराचा वास.
एक्केचाळीस दिवस.
मी दूध काढून बाटल्यांवर ब्रेलमध्ये तारखा टोचत होते.
भेट आठवड्यातून दोनदा, तासभर,
भिंतीशी कुणीतरी पेनचं टोक आतबाहेर करत बसलेलं.
तिसऱ्या भेटीत तिच्या डोक्याला
दुसऱ्याच घरच्या साबणाचा वास होता.

“अहवालात लिहिलंय, आईने मुलीला पाहिलेलं नाही.
मी तिला हुंगून पाहिलं.
पाठीला कान लावून पाहिलं.
मानेच्या वळीत बोट फिरवून पाहिलं, घाम आहे की ताप.
दूध मनगटावर टाकून पाहिलं.
आणि मग वाट पाहिली.
लिनिया, साल जमिनीवर नको.”

दुसऱ्या रांगेत आठ वर्षांची पोरगी
संत्रं सोलता सोलता थबकली, साल खिशात घातली.
एक सिनेटर हसला, मग खोकला.

पिवळा.
ती बोलतच होती, न्यायाधीशांबद्दल,
ते शेवटी म्हणाले होते, झाली चूक ती झाली,
आणि त्या चुकीसाठी कायद्यात कुठे जागाच नव्हती
म्हणून ती नोंदलीही गेली नाही.

लाल.
अध्यक्षबाई माझ्याकडे बघू लागल्या.
हॅल्वर्सन बुटांकडे.
नियमात दिवा लिहिलाय; हाक मारायची तर कुणी, ते नाही.
सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे गप्प.
माझ्या घशात काहीतरी अडकलं, मी खुर्ची मागे सारली,
तेवढ्यात तीच म्हणाली,
“तिसरं बटण वाजलं. संपली ना वेळ?
थँक यू.”
काठी उघडली. चार टकटकींत दार गाठलं.

मतदान गुरुवारवर गेलं.
गुरुवारी रस्ते बंद, गणसंख्या भरली नाही.

संध्याकाळी खुर्च्या रचून झाल्यावर
मी डोळे मिटून बसून पाहिलं.
हिरवं. पिवळं. लाल.
लालचा आवाज किंचित जाड आहे,
आत कुठेतरी स्प्रिंग सैल झालीय.
कधीची, कोण जाणे.