पतसंस्थेसाठी चार चित्रं

चेअरमन म्हणाले, हॉलला चार भिंती आहेत,
चार सद्गुण काढा :
न्याय, धैर्य, संयम, विवेक.
मोबाइलवर परदेशी पुतळ्यांचे फोटो पाठवले.
तराजू. सिंह. दोन सुरया. आरसा धरलेली बाई.
सगळे गोरे, दगडी, पायाला धूळ नसलेले.
ॲडव्हान्स पाच हजार, बाकी उद्घाटनानंतर.

मी आजवर रंगवले ते शेंगाचटणीचे बोर्ड,
रिक्षांच्या पाठीवरचे घोडे,
निवडणुकीत हात जोडलेली माणसं,
साचा एकच, मिशा तेवढ्या बदलून.
सद्गुणाला कुठली मिशी लावायची?

न्यायासाठी राजमणी येमूल बसली.
मांडीवर सूप. सुपात तेंदूपानं, तंबाखू, कात्री.
मी म्हटलं, मावशी, उजव्या हातात तराजू धरा.
"तराजू कारखान्यात असतो, बाबा.
तंबाखू देताना तो आधीच पोट भरून बसतो.
विड्या घेताना छाटवाला शंभरातल्या वीस बाजूला टाकतो,
आणि त्या वीससुद्धा परत देत नाही.
ते माझ्या हातात नको."
मग सुपातून तिनं पत्र्याचं माप उचललं,
कडा झिजून पातेरी झालेलं.
"ह्याच्यावर कापलेलं पान सगळ्यांचं सारखं.
माझं, सुनेचं, शेजारच्या रेहानाचं."
मी भीत भीत डोळ्यांवरच्या पट्टीचं विचारलं.
"चष्मा काढला तरी दिसत नाही मला.
दोन दोन कशाला?"
आणि बोलता बोलता अकरा विड्या वळून झाल्या होत्या.

दशरथ गुंडेटी रात्रपाळी करून आला.
पंचवीस वर्षं मागाच्या खडखडाटात,
त्याला ओठ वाचायची सवय.
मी म्हणालो : धैर्य.
त्यानं वाचलं : दहा रुपये.
"बसायचे एवढेच?"
सिंहाचा फोटो दाखवला तर हसला,
"असले रोज चार विणतो बे मी. शेपूट सगळ्यात अवघड."
भिंतीला टेकून तो झोपला, मी काढत राहिलो.
उठल्यावर चित्रासमोर उभा राहिला
आणि उजव्या हातावर बोट ठेवून विचारलं,
"हे हात कुणाचे?"
मी पाचही बोटं काढली होती.
चांगलं दिसावं म्हणून.
त्यानं खिशातनं आपली तीन काढली,
उन्हात धरली.
मी पांढरा रंग घेतला आणि दोन बोटं पुसली.
आयुष्यात एवढं अवघड पुसणं
मी केलेलं नाही.

संयमाला फार वेळ लागला नाही.
शिवलीलाच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं.
मी म्हटलं, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहा.
ती म्हणाली, "रिकामी ओतते. तू पाणी काढ."

विवेकासाठी मी दस्तगीरला सांगून ठेवलं होतं,
रिक्षाच्या आरशासकट.
पण चेअरमन स्वतःच येऊन बसले,
सफारी घालून, केसांना नवा कलप लावून.
सहा हजार अजून यायचे होते.
मी त्यांना काढलं.
आरसा मात्र दस्तगीरचाच आहे,
खालच्या कोपऱ्यात तडा गेलेला,
त्याला लिंबूमिरची बांधलेली.
ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

उद्घाटनानंतर दोन महिन्यांनी
मी बाकी मागायला गेलो.
काउंटरवर राजमणी उभी होती.
सुनेच्या ऑपरेशनला वीस हजार हवे होते.
क्लार्क म्हणाला, दोन जामीनदार लागतील,
ओळखीचे, पत असलेले.
तिनं भिंतीकडे हात केला.
"तो एक. आणि ती मी."
क्लार्कनं मान वर केली नाही.
फॉर्म पुढे सरकवला,
इथं अंगठा, इथं फोटो.

मी चित्राकडे बघत होतो.
तंबाखूचा रंग साफ चुकलाय माझा,
फार लाल झालाय.
तिच्या नखांत आत्ता, या ट्यूबलाइटखाली,
तो हिरवट होता, जवळजवळ काळा,
आणि पदराला आलेला वास
मला काढताच आला नव्हता.
माझी बाकी न मागताच
मी तिच्यामागून जिना उतरलो.