एकेचाळिसावा भाग

शूटिंगवाले हर्णैला आले तेव्हा चैत्र होता,
बंदरावर सुरमईचा लिलाव चाललेला
आणि विजांकुशाला पाणी वर्ज्य.
म्हणजे पडद्यावरच्या नव्हे,
त्याचं काम करणाऱ्या त्या गोऱ्या माणसाला.
गुडघाभर लाटेतच कापरं भरलं त्याला.

मग आमच्या हसुरामला बोलावलं.
निळा घट्ट पोशाख, काखेत उसवलेला,
चंदेरी बूट पाण्यात जड होतात म्हणून काढलेले,
साडेतीनशे रुपये आणि दोन आम्लेट-पाव.
डिरेक्टर म्हणाला, तोंड दाखवायचं नाही.
हसुराम म्हणाला, नको. गावानं बघितलंय.

अकरा वेळा उडी मारली त्यानं मचव्यावरून,
अकरा वेळा तेच रबरी पोर वर काढलं.
मागे सुवर्णदुर्ग. हललासुद्धा नाही.

मग रविवार. इस्माईल मुकादमांच्या पडवीत
चाळीस माणसं, एक टीव्ही,
कौलांवर अँटेना धरून जनू.
विजांकुश आभाळातून उतरला
(दोरी दिसत होती, कुणी बोललं नाही)
आणि पाण्यात शिरताना त्याची टाच दिसली,
उजवी, कालवानं कापलेली.
आये ओरडली, "माजा हाय तो!"
हसुराम तिच्या शेजारीच,
काडीनं दात कोरत.

निळं पाणी. बुडबुडे. पोराचा हात.
क्रमशः
साबणाची जाहिरात.

सगळे उठले. आये उठेना.

आठवडाभर भाकऱ्या करपल्या.
रात्री येऊन त्याच्या छातीवर हात ठेवायची.
"आये, मी हितंच हाय."
"तू हायस रं. पन तो अजून खालीच हाय."

पुढच्या रविवारी ऐन वेळी
दापोलीकडची लाईन गेली.
जनू उगाच अँटेना फिरवत राहिला अंधारात.
मंडणगडला लाईट होती; तिकडून कळलं,
वाचलं म्हणे पोर.
आयेनं ऐकून घेतलं.
ऐकीव भावानं तिनं कधी मासळीसुद्धा घेतली नव्हती.

त्याचा लाल झगा घरीच राहिला होता,
त्यावर चार वर्षं जवळा वाळला,
रंग उडाला, वास नाही.
हसुराम आता डिझेल पंपावर पावत्या फाडतो,
ती टाच थंडीत सुजते.
संध्याकाळी तो दारात चपला काढतो
तेव्हा आतून, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, ती विचारते,
"वर आलास?"

"आलो," म्हणतो.
कधी कधी, दमलेला असला की,
जरा वेळ लावतो.